आधी मोजा, मग गा: रॉबर्ट शॉ यांची क्वायरची तालीम

मैफलीत क्वायर कंडक्टर, म्हणजे समूहगायनाच्या चमूचा संचालक, जे करताना दिसतो तो त्याच्या कामाचा अगदी छोटा भाग. गायक श्वास कुठे घेणार, शेवटचा 'त्' कितव्या मात्रेला पडणार, आल्टोंनी (क्वायरमध्ये वरपासून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज असतात; पहिले दोन सहसा स्त्रियांचे) कुठे दबून राहायचं, हे सगळं कित्येक आठवडे आधी ठरलेलं आणि घोटलेलं असतं. विसाव्या शतकात या तालमीचा सर्वांत चिकाटीनं विचार केला तो अमेरिकन कंडक्टर रॉबर्ट शॉ (१९१६-१९९९) यांनी, असं माझं मत आहे. त्यांच्या कारकिर्दीच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर त्यांना एकेक हत्यार सापडत गेलं. ती हत्यारं आजही कुठल्याही क्वायरला वापरता येतात, अगदी शाळेच्या समूहगीताच्या चमूलासुद्धा.

शॉ यांचा जन्म कॅलिफोर्नियातल्या रेड ब्लफ या गावचा, ३० एप्रिल १९१६ चा. वडील धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये गाणारी. संगीत महाविद्यालयात ते कधी शिकले नाहीत. पमोना कॉलेजात असताना तिथल्या ग्ली क्लबची, म्हणजे हौशी गायकांच्या चमूची, जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे आली, आणि नेमकं तेव्हाच बँडमास्तर फ्रेड वेअरिंग यांनी तो क्लब ऐकला. १९३८ मध्ये शॉ वेअरिंग यांच्यासाठी पुरुषांचा गायकवर्ग तयार करायला न्यूयॉर्कला गेले.

वेअरिंग यांचं गाणं रेडिओवर जायचं. रेडिओच्या श्रोत्याला गायकाचे ओठ दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक शब्दातला प्रत्येक ध्वनी वेगळा काढून गायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. सुरात म्हणता येणारी व्यंजनं, म्हणजे म, न, ल, यांनाही स्वतःचा सूर आणि स्वतःचा वेळ द्यायचा. शॉ यांचं पहिलं हत्यार हे. आपल्याकडे 'मन' किंवा 'वन' असा शब्द ओळीच्या शेवटी आला की तीस जणांपैकी दहा जण 'न' लगेच बंद करतात, दहा जण 'नऽ' असा लांबवतात आणि बाकीचे शेजाऱ्याकडे बघतात. गाताना शेवटचा अ उच्चारायचा की नाही, 'न' कुठल्या मात्रेला सुरू करायचा आणि किती धरायचा, हे गायकांच्या सवयीवर सोडायचंच नाही. कंडक्टरनं ठरवायचं आणि प्रत्येकानं पेन्सिलीनं कागदावर लिहून घ्यायचं.

१९४१ मध्ये शॉ यांनी कॉलेजिएट कोरॅल हा क्वायर उभा केला. नाव एका चर्चवरून आलं, पण वेगवेगळ्या वंशांचे आणि धर्मांचे गायक एकत्र गातात हे चर्चला रुचलं नाही. क्वायर तिथून बाहेर पडला, नाव तेवढं राहिलं. हौशी गायकांच्या या मोठ्या क्वायरला विख्यात वाद्यवृंद-कंडक्टर टॉस्कानिनी यांनी आपल्या कार्यक्रमांत घेतलं. १९४८ मध्ये टेलिव्हिजनवरून प्रक्षेपित झालेल्या त्यांच्या बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीत गायला होता तो हाच क्वायर. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनानंतर शॉ यांनी जर्मन संगीतकार हिंडेमिथ यांच्याकडून अमेरिकन कवी व्हिटमनच्या कवितेवर मोठी समूहरचना लिहून घेतली. ती मे १९४६ मध्ये पहिल्यांदा सादर झाली.

एवढं नाव होऊनही आपल्याला स्वरलिपीची खोली कळत नाही, हे शॉ यांना जाणवत होतं. ते ज्यूलियस हेरफोर्ड यांच्याकडे शिकायला बसले. हेरफोर्ड बर्लिनहून आलेले. स्वरलिपी हातात आली की आधी तिची मोजदाद करायची, ही त्यांची पद्धत. किती मापांचं (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, इंग्रजीत बार) वाक्य, किती वाक्यांचा परिच्छेद, मुख्य स्वरस्थान कुठे बदलतं, सगळ्यांत जड जागा कोणती. ४ आणि ४ मापांच्या जोड्या चालू असताना मध्येच ६ मापांचं वाक्य आलं, तर संगीतकारानं तिथे काहीतरी ताणलं आहे हे डोळ्यांना आधी कळतं आणि कानांना नंतर. तालमीच्या आधी कंडक्टरनं हे केलं नसेल तर तो तालमीत फक्त चुका दुरुस्त करत बसतो. कुठली चूक आज सोडून द्यायची आणि कुठल्या जागेवर अर्धा तास खर्च करायचा, हे त्याला ठरवता येत नाही.

आता मुख्य मुद्दा.

नवीन रचना हातात पडली की हौशी क्वायर सूर, लय, शब्द, जोर आणि भाव या पाचही गोष्टी एकाच वेळी करायला जातो, आणि पाचही कच्च्या राहतात. शॉ त्यांना वेगळं करत. आधी लय आणि सूर, तेही शब्दांशिवाय, हलक्या आवाजात, संथ लयीत. त्यासाठी त्यांची आकडे गाण्याची पद्धत होती. चार मात्रांच्या मापात प्रत्येक मात्रेचे दोन भाग करायचे आणि आपापल्या ओळीतल्या सुरांवर शब्दांऐवजी गायचं: वन-अँड-टू-अँड-टी-अँड-फोर-अँड. तिसऱ्या मात्रेला 'थ्री' म्हणायचं नाही, 'टी' म्हणायचं. 'थ्री' सुरू व्हायला वेळ लागतो आणि प्रत्येकाचा 'थ्र' वेगळ्या क्षणी संपतो. 'ट' मात्र एका बिंदूवर पडतो.

यात लांब सूर धरायचा नाही, हे लक्षात ठेवायचं. दोन मात्रांचा सूर असेल तर त्याच सुरावर चार तुटक अक्षरं म्हणायची. दीड मात्रेचा सूर आणि त्यामागून अर्ध्या मात्रेचा सूर असेल तर पहिल्यावर 'वन-अँड-टू' आणि दुसऱ्यावर फक्त 'अँड'. हौशी क्वायरमध्ये हा अर्ध्या मात्रेचा सूर हमखास लवकर येतो किंवा घाईत चिरडला जातो, कारण लांब सुरावर गायक मोजणं सोडून देतात. आकडे म्हणताना ते सोडताच येत नाही. कथकमधली पढंत ज्यांनी केली आहे त्यांना हे लगेच उमगेल: तोंडात बोल चालू असला की लय सुटत नाही.

मराठीत करायचं तर 'ए-नि-दो-नि-ती-नि-चा-नि' चांगलं चालतं. 'दोन', 'तीन', 'चार' पूर्ण म्हणू नका, शेवटचं व्यंजन पुढच्या 'नि'ला चिकटतं आणि अक्षर लांबतं. 'ए'च्या आधी व्यंजन नाही, त्यामुळे नेमकी समेवरची धार बोथट होते आणि सूर खालून घसरत वर येतो. तिथे कान ठेवावा लागतो. तीन मात्रांच्या मापाला 'चा-नि' गाळायचं, सहाच्या मापाला दोनदा तीन मोजायचं.

चुका कुठे होतात तेही सांगतो. पहिली म्हणजे आवाज. आकडे म्हणायला सांगितलं की लोक कवायतीसारखे ओरडतात आणि वीस मिनिटांत गळे बसतात. शॉ हे गाणं मुद्दाम हळू आवाजात करून घेत, म्हणजे शेजारचा आवाज ऐकू येतो आणि गळा तालमीच्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी शिल्लक राहतो. त्याच कारणासाठी सोप्रानो आणि टेनर यांच्या उंच जागा सुरुवातीला एक सप्तक खाली गायला हरकत नाही. दुसरी चूक 'नि'ची. तो मागे ढकलला जातो आणि लय लंगडते. मग फक्त 'नि' मोठ्यानं आणि आकडे मनात, असं दोनदा करून घ्यायचं. तिसरी चूक कंडक्टरची: एकदा बरोबर आलं की तो खूश होतो आणि शब्द आणतो. शब्द आले की पहिल्या दिवशीचं सगळं परत येतं. सलग दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या जागेपासून सुरू करूनही, बरोबर आलं तरच पुढे जायचं. चौथी याच्या उलट. आठवडेच्या आठवडे आकडेच गायले तर वाक्याचा ओघ मरतो आणि गाणं टाइपरायटरसारखं वाजायला लागतं. आकडे पक्के झाले की लगेच 'नू'वर तोच भाग जोडून, मींड न घेता पण न तोडता गायचा. मग एकाच सुरावर, लयीत, फक्त शब्द. मग शब्द आणि सूर. जोर-हळू आणि खरी लय सर्वांत शेवटी. कंडक्टरला सगळ्यांत जास्त मोह होतो तो लयीचा. संथ लयीत चुकणारी जागा द्रुत लयीत लपते, सुटत नाही.

सूर जुळवण्याचा त्यांचा एक व्यायाम आपल्या कानांना विशेष भावेल. सगळा क्वायर 'नू' या अक्षरावर एक सूर धरतो आणि सोळा सावकाश मोजण्यांत, साधारण सेकंदाला एक, फक्त अर्धा स्वर वर सरकतो. म्हणजे सा वरून कोमल रे पर्यंतचं अंतर सोळा पायऱ्यांत. मग तसंच खाली. अर्ध्या स्वराचे शंभर भाग धरले तर एक पायरी सहा भागांची होते, म्हणजे श्रुतीपेक्षा कितीतरी बारीक. बहुतेक गायक पहिल्या पाच-सहा मोजण्यांतच तीन चतुर्थांश वाट संपवतात आणि मग वरच्या सुरावर ताटकळतात. आठव्या मोजणीला सगळे मधल्या, पियानोत नसलेल्या, सुरावर एकत्र असले तर क्वायर ऐकतो आहे असं समजावं. सोळाव्याला पट्टी तपासायची. रोज पाच मिनिटं पुरतात.

क्वायर उतरतो, म्हणजे सूर खाली घसरतो, याला थकवा एवढंच कारण नसतं. एकाच सुरावर पाच-सहा अक्षरं आली की प्रत्येक अक्षरागणिक सूर किंचित खचतो. खाली येणाऱ्या सुरावटीत पावलं जरा मोठी पडतात, वर जाणाऱ्या अर्ध्या स्वरांत जरा लहान. अक्षरातला स्वर (अ, आ, ई) उशिरा उघडला तरी सूर खाली वाटतो. सांगायचं ते नेमकं सांगावं, 'वर जा, वर जा' असं ओरडून काही होत नाही. 'या मापातला तिसरा सूर खाली येताना लहान पाऊल टाका' असं म्हटलं की होतं.

तानपुऱ्यावर तयार झालेल्या गायकांची अडचण निराळी. त्यांचा शुद्ध गांधार पियानोच्या गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्यानं खाली असतो. साथीविना गाताना तो गांधार अतिशय गोड लागतो, पियानो किंवा हार्मोनियम बरोबर आली की तोच सूर 'उतरलेला' ऐकू येतो. गायकाची चूक नसते. तानपुऱ्याच्या की पियानोच्या, कुठल्या सुरमेळात गायचं आहे हे आधी ठरवावं, आणि साथीचं वाद्य तालमीत सतत वाजवत ठेवू नये. क्वायर त्यावर रेलतो आणि वाद्य थांबलं की पडतो.

व्यंजनं मात्रेच्या आधी, स्वर मात्रेवर, हा नियम शॉ फार काटेकोरपणे पाळत. 'प्रकाश' शब्द समेवर असेल तर 'प्र' समेच्या किंचित आधी आणि 'अ' समेवर. 'प' समेवर टाकला की स्वर मागून येतो, आणि पन्नास जण असं करतात तेव्हा क्वायर वाद्यवृंदाच्या मागे राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं लय मंदावली. 'स', 'श' यांचं भय वेगळं, एक जण आधी गेला तरी तो फुसकारा सभागृहभर ऐकू येतो. म्हणून असं व्यंजन सगळ्यांनी न म्हणता फक्त निम्म्यांनी म्हणायचं, ही जुनी युक्ती अजून चालते. ओळीच्या शेवटचा सूर चार मात्रांचा असला तर तो लेखणीनं साडेतीनचा करायचा आणि शेवटच्या अर्ध्या मात्रेवर व्यंजन ठेवायचं. शॉ यांच्या प्रतींमध्ये अशा खुणा पानोपानी असत, आणि गायकांना त्या आधीच मिळत. तालमीत तोंडी सांगितलेली दुरुस्ती पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

मोठ्या क्वायरला एक भौतिक अडचणही असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पंधरा मीटर मागे उभा असलेला गायक पुढचा आवाज ऐकून गायला, तर तो सुमारे ०.०४४ सेकंद उशिरा गातो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा ०.१२५ सेकंदाची असते, म्हणजे तिच्या एक तृतीयांश इतका उशीर. मागच्या रांगेनं लय कंडक्टरच्या हातावरून घ्यायची, कानावरून नाही. सूर मात्र कानावरून.

१९४८ मध्ये त्यांनी पगारी गायकांचा रॉबर्ट शॉ कोरॅल काढला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं तो बसनं अमेरिकाभर आणि परदेशांत फिरवला. संगीतकार ॲलिस पार्कर यांच्या बरोबरीनं त्यांनी केलेल्या लोकगीतांच्या आणि नाताळगीतांच्या मांडण्या आजही क्वायर गातात. १९६२ मध्ये हा क्वायर सोव्हिएत संघात गेला आणि तिथे बाखचा बी मायनर मास, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीच्या शब्दांवरची समूहरचना, गायला. एवढी मोठी रचना लहानशा क्वायरनं गाणं त्या काळी धाडस होतं. पण तीस आवाजांत प्रत्येक सुरावट वेगळी ऐकू येते, आणि बाखला तेच हवं असतं.

मला सर्वांत मोठा निर्णय वाटतो तो १९५६ चा. चाळिशीला पोचलेला, देशभर नाव झालेला हा माणूस क्लीव्हलँडला तिथल्या वाद्यवृंदाचे प्रमुख जॉर्ज सेल यांच्या हाताखाली दुय्यम कंडक्टर म्हणून गेला, वाद्यवृंद शिकण्यासाठी. तिथे अकरा वर्षं राहिला. क्वायरचा कंडक्टर वाद्यवृंदासमोर उभा राहिला की बहुधा गडबडतो. गायकांना तो शब्दांच्या आकारानं, हातांच्या गोलाईनं समजावत असतो, वादकांना मात्र ठोका कुठे आहे हे टोकदार दिसावं लागतं. शॉ यांनी ते शिकून घेतलं म्हणून १९६७ ला ॲटलांटा सिंफनी ही वाद्यवृंद-संस्था त्यांच्याकडे आली, आणि १९८८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

ॲटलांटात त्यांनी १९७० मध्ये दोनशे आवाजांचा क्वायर बांधला. सगळे बिनपगारी: शिक्षक, परिचारिका, वकील. जागा कायमची नाही, आवाजाची चाचणी पुन्हा पुन्हा द्यायची. दोनशे माणसांसमोर कंडक्टरनं पान शोधण्यात एक मिनिट घालवलं तर दोनशे मिनिटं गेली, हा हिशेब डोक्यात ठेवूनच तालमीचा कागद तयार करावा लागतो: कुठल्या मापापासून कुठल्या मापापर्यंत, किती मिनिटं, कोण गाणार, त्या वेळी बाकीचे काय करणार. टेनरना एक जागा शिकवताना बास नुसते बसवून ठेवू नयेत. त्यांनी आपली ओळ मनात किंवा गुणगुणत आकड्यांवर म्हणायची.

टेनरची टंचाई जगात सगळीकडे आहे. शॉ आवाजांची अदलाबदल करत. टेनरची ओळ खूप खाली आणि महत्त्वाची असली तर काही बास तिथे चार मापांपुरते टेनर गातील, वर असली तर काही आल्टो मदतीला येतील, आणि हे नाव-मापासकट प्रतीवर लिहिलेलं असे. चोवीस जणांच्या क्वायरला मी ७ सोप्रानो, ६ आल्टो, ५ टेनर, ६ बास अशी मांडणी सुचवीन, अदलाबदल धरून. सातच्या वर सोप्रानो गेले की वरची ओळ बाकी तिघांना झाकते.

तालमींच्या मधल्या दिवसांत शॉ गायकांना पत्रं पाठवत, 'प्रिय लोकहो' या अर्थाच्या संबोधनानं सुरू होणारी. त्यात चुकांची यादी असे, मापांचे आकडे असत, आणि कवितेच्या एखाद्या ओळीवर दोन पानंही असत. आज हे काम व्हॉट्सॲपवर होतं, पण नुसता ऑडिओ पाठवून भागत नाही. ऑडिओ ऐकून गायक त्यातल्या चुकाही पाठ करतो. मापाचा आकडा आणि काय बदलायचं हे दोन ओळींत लिहिलेलं जास्त उपयोगी.

आपल्याकडे ही परंपरा परकी नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मेस्त्र, म्हणजे संगीतशिक्षक, पोरांना सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं घेत स्वरलिपी गाणं, शिकवत आले. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये सुरू केलेला आणि पुढे कूमी वाडिया यांनी सांभाळलेला परंज्योती अकादमी कोरस आहे. शाळांमधल्या समूहगीतांत मात्र सगळे एकाच सुरावटीत गातात, आणि म्हणून तालीम सोपी असं धरलं जातं. उलट आहे. एकाच सुरावटीच्या गाण्यात लपायला जागा नसते, तिथे आकडे गाणं आणि सोळा पायऱ्यांचा व्यायाम सर्वांत आधी फळ देतात.

निवृत्तीनंतर शॉ न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यशाळांत इतर कंडक्टरना शिकवत राहिले. शेवटच्या काळात ते ब्राम्सच्या जर्मन रेक्वियमचं (मृतांसाठीच्या समूहरचनेचं) गाण्याजोगं इंग्रजी भाषांतर करत होते. हे काम कवीपेक्षा कंडक्टरचं जास्त. उंच सुरावर 'ई'सारखा आवळलेला स्वर आला तर सोप्रानोंचा आवाज किरटा होतो, समेवर आघात नसलेलं अक्षर आलं तर वाक्य उलटं पडतं, आणि एका अक्षरासाठी ब्राम्सचा सूर तोडायचा नाही. २५ जानेवारी १९९९ ला न्यू हेवनमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा या भाषांतराचं ध्वनिमुद्रण व्हायचं राहिलं होतं. त्याच वर्षी ते मॉर्मन टॅबरनॅकल क्वायरनं क्रेग जेसप यांच्या नेतृत्वाखाली पूर्ण केलं. स्वरलिपी समोर ठेवून ते ऐका आणि फक्त ओळींची शेवटची व्यंजनं कितव्या मात्रेला पडतात ते पेन्सिलीनं टिपत जा.